वर्षाचे महिने बारा, रिचार्जचे तेरा

बचत गटाच्या बैठकीत हल्ली तेल-डाळीच्या भावाबरोबर रिचार्जचाही भाव निघतो. मालिका, सिनेमा, क्रिकेट, सगळं आता मोबाइलवर. पण घरात बसून बघायला आपण पैसे कधीपासून मोजतो? आणि पैसे देणारा बदलला, तशी पडद्यावरची गोष्ट कशी बदलली? आज आपण हा इतिहास बघू.

सुरुवात रेडिओपासून करू. पूर्वी घरात रेडिओ ठेवायचा तर लायसन लागे. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे. टीव्ही आल्यावर त्यालाही लायसन लागलं. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली. तेव्हा प्रसारण सरकारचं होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम त्याच काळातला. शेती, आरोग्य, शिक्षण यांना पडद्यावर जागा होती, कारण खर्च सरकार करत होतं. पण मराठवाड्यातल्या खेड्यांपर्यंत चित्र पोचायला बराच काळ गेला. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर देशभर प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं वाढली.

१९८४ साली 'हम लोग' ही मालिका आली. कुटुंब नियोजनाचा, बाईच्या मानाचा विषय गोष्टीतून सांगायचा, असं ठरवून ती केली होती. पण मधे जाहिरात होती. म्हणजे सरकारच्या जोडीला आता दुकानदारही खर्च उचलू लागला.

मग २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं. आमचं वालूर सेलू तालुक्यातलं. वाल्मीकी ऋषींचं नाव गावाशी जोडून सांगतात, वाल्मीकेश्वराचं देऊळ इथे आहे. त्यामुळे वाल्मीकींची कथा पडद्यावर येणं ही आमच्यासाठी घरचीच गोष्ट. त्या काळी खेडोपाडी टीव्ही मोजक्या घरांत. रविवारी सकाळी आळीतल्या बायका-पोरं ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर जमत. लाईट गेली तर कुठे ट्रॅक्टरची बॅटरी जोडत. संच एकाचा, बघणारे पन्नास, आणि महिन्याचं बिल कुणालाच नाही.

महिन्याचं बिल आलं ते केबलबरोबर. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झालं. १९९५ साली केबलसाठी कायदा झाला. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आलं. आपल्या भाषेत दिवसभर कार्यक्रम मिळू लागले, हा मोठा फायदा. पण आता जाहिरातदार ठरवू लागला, की कोणासाठी काय दाखवायचं. साबण, क्रीम, मसाला विकत घेणारी बाई त्याला हवी होती. म्हणून मालिकांत मोठे दिवाणखाने, भरजरी साड्या आणि सासू-सुनांची भांडणं वाढली. निंदणी-खुरपणी करणारी, कापूस वेचणारी बाई त्यात क्वचितच दिसली. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं. त्यालाच आज आपण फ्री डिश म्हणतो. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे, महिन्याला काही नाही.

मग इंटरनेट आलं. २०१५ मध्ये हॉटस्टार, जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओनं सुरुवातीला फुकट डेटा दिला आणि गावागावात मोबाइलवर चित्र हलू लागलं. नवा दुकानदार आधी स्वस्त देतो, गिऱ्हाईक जमलं की भाव वाढवतो, हे आठवडी बाजारातल्या बाईला सांगायला नको. ॲमेझॉन प्राइमचं वर्षाचं सभासदत्व २०१६ मध्ये ४९९ रुपये होतं. पुढे ते ९९९ झालं आणि डिसेंबर २०२१ मध्ये १४९९. जून २०२५ पासून त्यांच्या व्हिडिओत जाहिरातीही सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये. सगळ्यांनीच भाव वाढवले असं मात्र नाही. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२१ मध्ये मोबाइलचा दर महिना १९९ वरून १४९ वर आणला.

क्रिकेटचंही तसंच. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांत आयपीएल इंटरनेटवर दाखवायचे हक्क सुमारे २३,७५८ कोटी रुपयांना गेले. पहिली दोन वर्षं जिओसिनेमानं सामने फुकट दाखवले. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, आणि आता त्याचे पैसे पडतात. एवढी रक्कम कुठून तरी वसूल होणारच: आपल्या खिशातून, नाहीतर जाहिरातीतून.

सगळ्यात मोठा खर्च तर डोळ्याआड राहतो. जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज २३९ वरून २९९ रुपये झाला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात १३ रिचार्ज होतात. १३ गुणिले २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. पूर्वी ३,१०७ लागत. एका फोनमागे ७८० रुपये वाढले. घरात तीन फोन असतील तर २,३४०. वर्गणी त्याच्यावर वेगळी.

आम्ही बघणं सोडा म्हणत नाही. दिवसभर राबलेल्या बाईला घटकाभर करमणूक हवीच. पण बियाणं-खताचा हिशेब ठेवतो तसा याचाही ठेवू. गटाच्या वहीत एक पान यासाठी काढा. घरात कोणती वर्गणी चालू आहे, पैसे आपोआप कापले जातात का, ती कोण बघतं, हे लिहा. जे फ्री डिशवर दिसतं त्याला दुसऱ्यांदा पैसे देत नाही ना, तेही तपासा.

आणि गोष्टीचं काय? सरकारनं खर्च केला तेव्हा सरकारची गोष्ट दिसली, साबणवाल्यानं केला तेव्हा साबणवाल्याची. आता रिचार्ज आपल्या कष्टाच्या पैशातून होतो, तरी आपली गोष्ट तिथे शोधावी लागते. साताऱ्यातल्या म्हसवडला २००८ मध्ये माणदेशी तरंग हा सामुदायिक रेडिओ सुरू झाला. तिथे माणदेशातल्या बायका त्यांच्या बोलीत बोलतात आणि ऐकणारीला वर्गणी पडत नाही. म्हणून तुमची ओवी, तुमचा अनुभव, तुमची तक्रार आपल्याही रेडिओकडे पाठवा. या जागेला रिचार्ज लागत नाही, तुमचा आवाज लागतो.