बहिऱ्या बालकाचा इलाज

मूल बहिरे आहे, हे घरात बहुधा सर्वांच्या आधी आईच्या लक्षात येते आणि सर्वांच्या शेवटी तीच ते मान्य करते. भांडे पडले तरी तान्हे दचकत नाही, पाठमोरे असताना हाक मारली तर वळत नाही. मग वैद्य होतात, औषधे होतात, नवस होतात. आज ज्या आईविषयी मी सांगणार आहे, ती सामान्य घरातील नव्हती. पण या एका बाबतीत सरदाराची पत्नी आणि शेतकऱ्याची पत्नी यांच्यात फारसे अंतर नव्हते.

स्पेनमधील वेलास्को हे बडे घराणे. कॅस्टीलच्या राज्याचे सरसेनापतिपद या घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेले. १६१० साली या घरात लुईस नावाचा मुलगा जन्मला आणि वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास त्याची श्रवणशक्ती गेली. १६१३ मध्ये त्याचे वडील वारले. विधवा डचेसने मुलासाठी उपाय शोधताना खर्चाकडे पाहिले नाही. वैद्य आणि शल्यवैद्य यांनी आपली सारी विद्या पणाला लावली. गुण मात्र आला नाही.

या वैद्यांना अडाणी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यांची भिस्त ग्रीक आचार्य गेलन याच्या परंपरेवर होती. मेंदूतील थंड, दाट कफ खाली उतरून कानाची वाट अडवतो, असे ही परंपरा मानी. म्हणून रेचके द्यावयाची, रक्त काढावयाचे, कानामागे फोड उठवणारे लेप लावावयाचे आणि कानात औषधी तेलाचे थेंब सोडावयाचे. कानाच्या आतील भागातील अतिसूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, हे आज आपण जाणतो. तेथवर कोणतेही तेल पोहोचणार नव्हते.

परंतु या उपचारांपेक्षाही घातक ठरला तो एक सिद्धान्त. कान आणि जीभ या दोहोंना एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात आणि म्हणूनच जन्मतः बहिरा असणारा मुकाही असतो, असे अनेक वैद्य सांगत. दोषाचे मूळ एकच, तेव्हा कान उघडल्याखेरीज जीभ उघडणार नाही. या विचाराचा व्यवहारातील अर्थ उघड होता. औषध हरले की सर्व संपले! जो ऐकत नाही तो बोलणार नाही आणि जो बोलणार नाही त्याला शिकवावयाचे कशाला?

हा सिद्धान्त खोटा ठरवणारा पुरावा वेलास्को घराण्यातच होता. लुईसच्या आजोबांची काही भावंडे बहिरी होती. हे घराणे आपल्याच आप्तसंबंधांत वारंवार विवाह करीत असे आणि बहिरेपण पिढ्यांतून उतरण्याचे ते एक कारण असावे. त्या भावंडांपैकी मुलींची रवानगी मठांत झाली. फ्रान्सिस्को आणि पेद्रो या मुलांना ओन्या येथील बेनेडिक्टाइन मठात पेद्रो पोन्से दे लेओन नावाच्या भिक्षूकडे सोपवण्यात आले. या पंथात मौनाचे नियम कडक, त्यामुळे हातांच्या खुणांनी व्यवहार करण्याची तेथे जुनी रीत होती. पोन्सेने औषधाची बाटली उघडली नाही. त्याने मुलांना प्रथम अक्षरे लिहावयास शिकवले, लिहिलेल्या शब्दासमोर ती ती वस्तू दाखवली आणि त्यानंतर उच्चार शिकवला. आपले शिष्य लिहितात, वाचतात, हिशेब करतात आणि बोलतातही, अशी नोंद त्याने १५७८ च्या एका दस्तऐवजात केली आहे. राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को व्हालेस हा पोन्सेचा मित्र. बोलणे आधी आणि लिहिणे नंतर हा क्रम निसर्गाचा नियम नव्हे, असे १५८७ च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रांजळपणे मान्य केले. राजवैद्याने एका भिक्षूकडून धडा घ्यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही पुढील पिढीत लुईसच्या वाट्याला पुन्हा औषधेच आली. पोन्से १५८४ मध्ये वारला होता आणि त्याची पद्धती सर्वांसाठी छापली गेली नव्हती. १६१५ च्या सुमारास मानुएल रामिरेस दे कारियोन हा शिक्षक लुईसकडे आला. त्याने आपली कला गुप्त ठेवली. पेद्रो दे कास्त्रो नावाच्या वैद्याने त्याच्या उपायांविषयी लिहून ठेवले आहे. त्यानुसार रेचक देऊन टाळूवरचे केस काढावयाचे, मद्यार्क, सोरा, कडू बदामाचे तेल आणि नाफ्ता यांचा लेप तेथे चोळावयाचा आणि मग टाळूपाशी तोंड नेऊन बोलावयाचे. खरे काम अध्यापनाने होत असावे. लौकिक मात्र लेपाला मिळे.

याच घराण्याचा चिटणीस हुआन पाब्लो बोनेत याने १६२० मध्ये माद्रिदला या विषयावर ग्रंथ छापला. त्यात एका हाताच्या बोटांनी दाखवावयाच्या मुळाक्षरांची चित्रे आहेत. पोन्से किंवा कारियोन यांचा नामोल्लेख त्याने केला नाही, हा त्याचा कमीपणा. पण विद्या खुली केली, हे त्याचे श्रेय. बहिऱ्या मुलांना मोकळ्या रानात किंवा पिपात उभे करून, तोंडातून रक्त येईतो ओरडावयास लावीत, त्या पद्धतीचा त्याने निषेध केला. १६२३ मध्ये इंग्लंडचा युवराज माद्रिदला आला, तेव्हा त्याच्यासमवेत असलेल्या केनेल्म डिग्बीने लुईसला पाहिले. कानाशी तोफ उडवली तरी न ऐकणारा हा तरुण समोरच्याच्या ओठांवरून वेल्श भाषेतील अपरिचित शब्दही उच्चारून दाखवी. आवाजाची पट्टी मात्र त्याच्या ताब्यात नसे. कान अखेरपर्यंत बंदच राहिले, पण माणूस मोकळा झाला.

श्रीमंत घराण्यांनी एवढे सायास का केले? त्यात वात्सल्य होतेच. पण कायदाही होता. जस्टिनियनच्या रोमन कायद्याने जन्मतः मूकबधिर असलेल्यास मृत्युपत्र करण्याचा अधिकार नाकारला होता. ज्याला लिहिता येई त्याला मात्र मुभा होती. आपल्याकडेही मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मबधिराला दायभागातून वगळून केवळ पोटगी देऊ केली आहे. हा निर्बंध १९२८ च्या कायद्याने बराचसा आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पुरता दूर झाला. सरकारी नोकरीत वारसांच्या नोंदी चाळताना मला नेहमी वाटत आले आहे की, एखाद्या समाजाने कोणाला पूर्ण माणूस मानले, हे पोथ्यांपेक्षा दप्तरात अधिक स्पष्ट दिसते.

ज्यांच्यापाशी वारशाला येण्याजोगे काही नव्हते, त्या बहिऱ्या मुलांना मात्र फार काळ थांबावे लागले. १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मोपदेशकाने गरीब मुलांसाठी विनामूल्य शाळा उघडली, तेव्हा ही विद्या वाड्याच्या उंबरठ्याबाहेर पडली.

आज अंतःकर्णात बसवावयाची विद्युत् साधने निघाली आहेत आणि अनेक मुलांना त्यांचा लाभ होतो. वैद्यकाने मारलेली ही मजल थोर आहे. परंतु ज्या मुलाला हे साधन मिळते त्यालाही भाषा शिकवावीच लागते. ज्याला मिळत नाही, त्याची तर सारी भिस्त भाषेवरच, मग ती ओठांची असो वा हातांची. वैद्य विचारीत होते, हा कान कसा उघडेल? ओन्याच्या मठातील भिक्षूने विचारले, या मुलापर्यंत मी कसा पोहोचू? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा प्रश्न तहकूब ठेवला, तर त्याची किंमत मुलाचे बालपण चुकते करते.