मोठ्या संख्यांचे वाचन (मराठी आणि चिनी)

मोठ्या संख्यांचे वाचन म्हणजे अंकांत लिहिलेली संख्या त्या त्या भाषेतील गटांनुसार शब्दांत उच्चारणे. मराठीत हजारानंतर दर दोन स्थानांनी नवे नाव येते: लाख, कोटी, अब्ज. चिनी (मँडरिन) भाषेत गट चार स्थानांचा असतो. दहा हजारांस ‘वान’ व दहा कोटींस ‘यी’ म्हणतात; म्हणून एक लाख म्हणजे दहा वान.

साकोली तालुका ज्या भंडारा जिल्ह्यात आहे, त्याची २०११च्या जनगणनेतील लोकसंख्या १२,००,३३४ आहे. मराठीत ती ‘बारा लाख तीनशे चौतीस’ अशी वाचली जाते. हजारांच्या जागची दोन्ही शून्ये मुकी राहतात आणि श्रुतलेखनात १२,३३४ लिहिण्याची चूक येथेच होते. चिनी वाचनात मात्र ही रिकामी जागा ऐकू येते: ‘एकशे वीस वान, लीङ, तीनशे चौतीस’. ‘लीङ’ म्हणजे शून्य. मधली सलग शून्ये कितीही असोत, ते एकदाच उच्चारतात. शेवटची शून्ये उच्चारत नाहीत. हा उच्चार वगळल्यास अर्थच पालटतो: बोलण्यात ‘शंभर पाच’ म्हणजे १५०, तर १०५साठी ‘शंभर लीङ पाच’ म्हणावे लागते.

दोन अंकी संख्यांतही भेद आहे. चिनीत २१ म्हणजे ‘दोन दहा एक’. मराठी ‘एकवीस’मध्ये एकक आधी येतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन दिल्यावर राज्यात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन केले होते.