माटुंग्याच्या वायुकुंडाचा काल

गोबरगॅसचा पूर्वेतिहास सांगणाऱ्या लेखांत असें विधान वारंवार आढळतें कीं, मळापासून जळाऊ वायु काढण्याचें जगांतील पहिलें कुंड मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत इ. स. १८५९ मध्यें बांधलें गेलें. दुसरे लेखक त्याच आश्रमाच्या कुंडास १८९७ हें साल देतात. एका स्थळास दोन सालें, आणि त्यांत अडतीस वर्षांचें अंतर! यांतील ग्राह्य कोणतें, हें ठरविणें अगत्याचें आहे.

निर्णय स्थळाच्या इतिहासावरूनच होतो. हा आश्रम इ. स. १८९० मध्यें मुंबईचे तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बुथनॉट अ‍ॅक्वर्थ यांनीं स्थापिला. हें नांव आमच्या वाचकांस परकें नाहीं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्यानें ऐतिहासिक पोवाडे जमवून इ. स. १८९१ मध्यें ज्यांनीं प्रसिद्ध केले, तेच हे गृहस्थ. जी संस्था १८९० त निघाली, तिच्या आवारांत १८५९ त कुंड असणें संभवत नाहीं. सबब माटुंग्यापुरतें तें साल त्याज्य होय. मैलाकुंडांतील वायु कोंडून त्यावर इंजिन चालविल्याचें जें १८९७ हें साल दिलें जातें, तें मात्र संस्थेच्या इतिहासाशीं जुळतें.

माटुंग्यास मानवी मळ वापरला, शेण नव्हे. हा भेदही राखला पाहिजे. क्रिया मात्र एकच. हवेवांचून कुजणाऱ्या मळांत कांहीं सूक्ष्म जीव त्यांतील द्रव्यें फोडून आम्लें बनवितात व दुसरे त्यांपासून मिथेन वायु उत्पन्न करितात. कुजत्या शेणाच्या वायूंत हा मिथेन असतो, हें हंफ्री डेव्ही यांस इ. स. १८०८ मध्येंच आढळलें होतें. आपल्याकडे शेणावरील शास्त्रीय प्रयोग दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत एस. व्ही. देसाई यांनीं १९३९ च्या सुमारास केले. जशभाई पटेल यांचें 'ग्रामलक्ष्मी' यंत्र १९५१ चें.

१८५९ सोडल्यानें आद्यत्वाचा मान मुंबईकडून जातो, हें आम्ही जाणतों. कारण इंग्लंडांत एक्झिटर येथें १८९५ च्या सुमारास मैल्याच्या वायूवर दिवे लागले होते. परंतु नकलेवरून नक्कल होत आलेलें साल बखरींतील चुकलेल्या मितीहून अधिक विश्वसनीय नव्हे. ज्यांच्या संग्रहीं मुंबई म्युनिसिपालिटीचे जुने अहवाल असतील, त्यांनीं १८९० नंतरचीं पानें या दृष्टीनें अवश्य चाळावीं. अभिमानाची गोष्ट असली तरी ती अस्सल कागदावरच उभी राहिली पाहिजे.