बदलीचे गाव आणि निवडलेले घर : आनंदीबाई जोशी यांचा परदेशवास

एकोणिसाव्या शतकात परदेशी गेलेली मराठी माणसे तिकडे का गेली, हा प्रश्न आपल्या चरित्रवाङ्मयाने पुष्कळ चर्चिला आहे. तेथे राहण्यासाठी त्यांनी नेमके कोणते गाव पत्करले आणि तो निर्णय कोणाचा होता, हा प्रश्न मात्र तपशिलाच्या खात्यात ढकलला गेला. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत या तपशिलातच त्यांच्या कर्तेपणाचा पुरावा दडलेला आहे.

लग्नानंतर आनंदीबाईंच्या वाट्याला आलेले प्रत्येक गाव हे नवऱ्याच्या बदलीचे गाव होते. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. त्यामुळे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर ही मालिका खात्याच्या हुकुमाने ठरत गेली. यांपैकी कोल्हापूरचे स्थान वेगळे आहे, कारण अमेरिकेला गेलेले पहिले पत्र तेथून निघाले. त्यापूर्वी परदेशगमनाशी या संस्थानाचा जो ठळक संबंध आला तो शोकान्त होता. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. हा वेस्ट प्रवासात महाराजांसोबत होता. राजपुरुषाचा प्रवास असूनही तो सरकारी देखरेखीखालचाच होता, हे विसरून चालत नाही.

गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापुराहून ज्यांच्याशी संधान बांधले ते रॉयल वाइल्डर हे या गावाला परके नव्हते. त्यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले होते आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथे काढून ते अमेरिकेत प्रिन्स्टनला परतले होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच जन्मला. पत्नीचे शिक्षण आणि स्वतःसाठी नोकरी अशी दुहेरी मागणी गोपाळरावांनी केली. वाइल्डर यांनी धर्मांतराची अपेक्षा सुचविणारे उत्तर दिले आणि हा पत्रव्यवहार आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू'मध्ये छापला. मिशनऱ्याच्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपले. परंतु न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहताना तो अंक वाचला आणि थेट आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला.

येथे निवडीची सूत्रे हलतात. गोपाळरावांच्या अर्जाचा रोख एका देशाकडे होता. आनंदीबाईंच्या पत्रांचा रोख एका घराकडे आहे. तीन वर्षांच्या पत्रसहवासातून कार्पेंटरबाई त्यांची 'मावशी' झाली. हे नाते केवळ लडिवाळ संबोधन मानणे चुकीचे ठरेल. पतीविना, वयाच्या अठराव्या वर्षी समुद्र ओलांडणाऱ्या ब्राह्मण स्त्रीला परक्या मुलखात जाण्याचा अधिकार सांगायचा तर तेथे आधी नाते असावे लागते. माहेर-सासरच्या व्यवस्थेत मावशीच्या घरी राहण्याला मुभा होती. त्या मुभेचा आनंदीबाईंनी अमेरिकेपर्यंत विस्तार केला. ४ जून १८८३ रोजी त्या न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला हीच मावशी आली होती.

फिलाडेल्फिया त्यानंतर आले. १८५० मध्ये स्थापन झालेले स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय तेथे होते, आणि अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. शिकायचे शहर संस्थेने ठरविले. सुटीत परतायचे गाव मात्र रोझेलच राहिले.

त्याच वसंतात पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या होत्या. पुण्यातील भगिनींच्या परिचयातून त्या वाँटेज येथील मठात पोचल्या, आणि १८८३ च्या सप्टेंबरातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंच्या धर्मांतराचे श्रेय वा दोष वाँटेजला देणे हा त्यांच्या बुद्धीचा अवमान होईल. तरीही एकीच्या वाट्याला मठ आला आणि दुसरीने कुटुंब मिळविले, हा भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही. २४ फेब्रुवारी १८८३ च्या श्रीरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाण्याची व हिंदू म्हणूनच परतण्याची जाहीर ग्वाही दिली होती. कार्पेंटरबाईंच्या घरात ती ग्वाही पाळणे शक्य होते.

फिलाडेल्फियात तिची किंमत मोजावी लागली. स्वतंत्र खोली, स्वतःचा स्वयंपाक, आणि धुराने भरून जाणारी शेगडी : थंडी सोसावी की धूर, एवढाच पर्याय. थंडीपायी त्यांनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी पत्करली; पण आहाराबाबत तडजोड केली नाही. पुढे बॉडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी नेले, तोवर प्रकृती खालावत चालली होती. या निष्ठेचा केवळ गौरव करणारे लेखन तिच्यातील क्रौर्य झाकते, आणि तिला केवळ रूढीची बळी ठरविणारे लेखन तिच्यातील निश्चय नाकारते. दोन्ही वाचने अपुरी आहेत.

चरित्रांची कथा याहून वेगळी नाही. कॅरोलिन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ चे. काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र त्यापाठोपाठचे. काशीबाईंनी पत्रांना जागा दिली, म्हणून आनंदीबाईंचा स्वर तेथे निदान ऐकू येतो. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने हे दांपत्य घराघरांत पोचविले, परंतु तिचे गुरुत्वकेंद्र गोपाळरावांच्या विक्षिप्तपणात आहे. हुकूम करणारा नवरा आणि घडत जाणारी बायको हे आशयसूत्र एकदा पक्के झाले की रोझेल ही निवड न राहता योगायोग होते. अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांनी पुढे कागदपत्रांकडे परतण्याची वाट दाखविली. तरी मराठी वाचकाच्या मनातली प्रतिमा आजही बव्हंशी कादंबरीचीच आहे.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, इंग्लंडहून रमाबाई आल्या होत्या. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली आणि ती त्यांनी स्वीकारली. शाहू महाराज तेव्हा अल्पवयीन होते. जे गाव आठ वर्षांपूर्वी टपाल खात्याने दिले होते त्याच गावी आता आनंदीबाई स्वतःच्या नेमणुकीने जाणार होत्या आणि नवरा त्यांच्या मागे येणार होता. सांसारिक व्यवस्थेची ही उलटापालट चरित्रकारांनी फारशी हाताळलेली नाही, कारण ती घडलीच नाही. आनंदीबाई नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या क्षयाने खंगलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या त्या पदावर त्या कधी रुजू झाल्या नाहीत.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवलेली आहे.