मनगट वाकवावे की सरळ ठेवावे?

ताई चीच्या पारंपरिक फॉर्ममध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींत, तळवा किती वळवावा, पाऊल कुठे टेकवावे, धड कलू द्यावे की नाही, यांवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत. बाहेरच्याला ते क्षुल्लक वाटतात. मला तेच या विद्येचा गाभा वाटतात.

मनगटाचेच पाहा. यांग छंग-फू (1883–1936) यांच्या 1934 सालच्या पुस्तकातील छायाचित्रांत ढकलणाऱ्या हाताचे मनगट मागे दुमडलेले आहे, बोटे वर. त्याच पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे शिष्य झंग मान-छिंग स्वतः शिकवू लागले तेव्हा मात्र मनगट सरळ आणि सैल ठेवण्याचा आग्रह धरू लागले. मग अस्सल कोणते? परंपरेला विचारावे, तर तीही एकमुखी नाही. यांग छंग-फूंचे आजोबा यांग लू-छान हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावी शिकले आणि पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागले. त्यांच्याच परंपरेतून निघालेल्या वू घराण्यात धड पुढे कलते. यांग छंग-फूंनी मात्र ते ताठ उभे ठेवले.

राहिली उपयोगाची कसोटी. मनगटाला मनगट लावून दोघांनी एकमेकांचा तोल अजमावायचा, त्या सरावाला तुइशोउ म्हणतात. मनगट दुमडले की तळव्याची टाच पुढे येते आणि रेटा थेट पोचतो. समोरच्याचा जोर ओळखून वळवायचा असेल, तर सैल मनगट अधिक कामाचे. ही कसोटी मला मान्य आहे, पण ती लवकर लावणे घातक. नवशिक्याचे खांदे आखडलेले असतात; त्या अवस्थेत तो बारकाव्याची परीक्षा घेतच नाही, आपल्याच ताठरपणाची घेतो. म्हणून बारकावा आधी मिळाला तसा अंगी मुरवावा, शंका मनात जिवंत ठेवावी आणि जोडीदारासमोर तो दीर्घकाळ तपासावा.

शिवाय प्रत्येक बारकावा झुंजीसाठी नसतो. फॉर्मच्या संथ गतीने कोणी लढत नाही. ती गती पायांत बळ आणि हालचालीत सलगता आणण्यासाठी आहे. 1956 साली चीनच्या क्रीडा आयोगाने बसवलेला 24 हालचालींचा फॉर्म तर सर्वसामान्यांना शिकता यावा म्हणूनच सोपा केला होता. त्यातल्या हाताला डावपेचाचा जाब विचारण्याआधी तो कोणासाठी आखला, हे पाहावे लागते.