शून्य मिलिमीटर : शाळकरी मुलं, इंटरनेट आणि पाऊस

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांचं आणि बसमध्ये आवाज बंद ठेवून हे ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्यांचंही स्वागत. आज हवामानाबद्दल बोलूया. उद्या छत्री न्यायची की नाही ते मी सांगणार नाहीये, त्यासाठी ॲप आहेत. मला सांगायचंय की शाळेतल्या मुलांना हवामान शिकवायला इंटरनेट कसं वापरलं गेलं आणि त्यातून काय हाती लागलं.

सुरुवात १९९१ ची. वेब तेव्हा नुकतंच जन्मलं होतं, ते फारसं कुणाला माहीतही नव्हतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जेफ मास्टर्स हवामानशास्त्रात पीएचडी करत होता. हा गडी आधी चक्रीवादळात विमानं घेऊन जाणाऱ्या सरकारी पथकात होता. १९८९ मध्ये ‘ह्यूगो’ वादळात त्यांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, सगळे मरता मरता वाचले. त्यानंतर तो विद्यापीठात परतला आणि त्यानं एक टेलनेट सेवा लिहिली. म्हणजे नुसता मजकुराचा पडदा. त्यात शहराचा कोड टाकला की तिथलं हवामान समोर. नाव ठेवलं ‘वेदर अंडरग्राउंड’. हे नाव साठ-सत्तरच्या दशकातल्या एका जहाल संघटनेचं, जिची मुळं त्याच गावात होती. विद्यार्थ्यांचा विनोद, दुसरं काय! पुढं त्याच गटानं शाळांसाठी ‘ब्लू स्काइज’ नावाचा प्रोग्रॅम केला. नकाशावर माऊस फिरवला की त्या त्या गावचं तापमान दिसायचं. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण शाळेतल्या कॉम्प्युटरवर हे दिसणं तेव्हा जादूच होती.

पण या जादूत मूल फक्त प्रेक्षक. पडद्यावर बघा, वहीत उतरवा, झालं.

बाजू उलटली ती १९९४ मध्ये. २२ एप्रिलला, वसुंधरा दिनी, अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी ‘ग्लोब’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला. वर्षभरानं, १९९५ च्या वसुंधरा दिनी तो सुरू झाला. कल्पना अशी, की जगभरातल्या शाळांतली मुलं रोज तापमान, पाऊस आणि ढग मोजतील, आकडे इंटरनेटवर भरतील आणि ते शास्त्रज्ञ वापरतील. २००० साली भारतही त्यात आला.

आता कुणीही विचारेल, दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? मला या गोष्टीत सगळ्यात आवडलेला भाग इथंच आहे. त्यांनी उपाय म्हणून मुलांना मोजायची शिस्त दिली, अगदी काटेकोर. थर्मामीटर पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत ठेवायचा, जमिनीपासून दीड मीटरवर. आपल्या गोलार्धात पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे दार उघडल्यावर ऊन आत पडत नाही. नोंद करायची ती स्थानिक सौर माध्यान्हाच्या आगेमागे तासाभरात. घड्याळातले बारा नाहीत बरं का, सूर्याचे बारा. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं आणि दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. म्हणून सूर्याचे बारा नागपुरात साधारण सव्वाबाराला वाजतात, मुंबईत बारा चाळीसच्या आसपास. ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटं पुढंमागं होतं. भूगोलाच्या पुस्तकातलं रेखांशाचं ते कंटाळवाणं गणित असं एकदम मधल्या सुट्टीत येऊन बसतं.

आणि पाऊस. पर्जन्यमापक रोज बघायचा, पाऊस पडला नसला तरी. कोरडा असेल तर ० लिहायचं. थेंबभर, मोजता न येण्याइतका असेल तर त्याला वेगळं अक्षर. कुणी बघितलंच नसेल, किंवा पाणी सांडलं असेल, तर ‘नोंद नाही’ असं तिसरं अक्षर. शून्य घालून मोकळं व्हायचं नाही!

आमच्या धंद्यातली मंडळी आत्ता हसत असतील. डेटाबेसमध्ये शून्य आणि नल यांत फरक असतो, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांनंतरही कित्येकांच्या अंगवळणी पडत नाही. इथं सहावीतली पोरगी रोज दुपारी तो फरक लिहितेय. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

हा फरक किती महाग पडू शकतो, ते कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावानं बघितलं. २८ जुलै १९९७ ची रात्र. गावाच्या पश्चिमेला बारा इंचांहून जास्त पाऊस, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या वर. त्याच गावाच्या पूर्वेला मात्र साधासा पाऊस. ओढ्याला पूर आला, ५ माणसं गेली. पश्चिमेला नेमकं काय चाललंय, ते वेळेवर कुणाला कळलंच नव्हतं. नोलन डोस्केन या हवामानतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर लोकांना विचारत माहिती गोळा केली. कुणाच्या परसातल्या मापकात किती होतं, कुणाची बादली कुठवर भरली होती? त्यातून त्या रात्रीचा नकाशा तयार झाला.

पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, डोस्केननं नागरिकांचं पाऊस मोजायचं जाळं उभारलं, ‘कोकोराज’. रोज सकाळी मापक वाचायचा आणि वेबसाइटवर आकडा भरायचा. शाळा आल्या, निवृत्त लोक आले. शून्याची नोंद करायला विसरू नका, असा तिथं मोठा आग्रह असतो. कारण शेजारी धो धो आणि इथं कोरडं, हे कोरड्या घरातल्या माणसानं सांगितल्याशिवाय ढगाची कड सापडत नाही.

हे ऐकताना मुंबईकरांना एक तारीख आठवली असेल. २६ जुलै २००५. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तेव्हा २७ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजे चटईएवढ्या जागेवर जवळजवळ हजार लिटरची टाकी! त्याच चोवीस तासांत कुलाब्याला किती? ७३ मिलिमीटर. सरळ रेषेत दोन वेधशाळांमध्ये वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर. मधल्या दादर, सायन, कुर्ल्याला काय चाललं होतं, ते तिथं छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला कळत होतं, नकाशाला नाही. त्यानंतर महापालिकेनं शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, ते बरंच झालं.

पण मोजणाऱ्या मुलांची गरज त्यानं संपत नाही, असं माझं मत आहे. यंत्राच्या नळीत पाला अडकला तर यंत्र शांतपणे शून्य पाठवत राहतं. पाऊस नाही की नळी तुंबली, हे त्याला सांगता येत नाही. शेजारच्या शाळेच्या गच्चीवर साधा मापक असेल तर लगेच कळतं. ढगांचंही तसंच. उपग्रह ढगाचा माथा बघतो, पोट नाही. म्हणून नासानं १९९७ पासून ‘स्कूल’ नावाच्या उपक्रमात मुलांना उपग्रह डोक्यावरून जातानाच्या वेळा कळवल्या आणि खालून आकाश कसं दिसतं ते विचारलं. आता ते काम ग्लोबच्याच फोन ॲपमध्ये होतं.

मापक घरी करायचा असेल तर सरळ उभ्या बाजूंची, सपाट बुडाची बाटली घ्या. वरचा भाग कापून उलटा बसवा, म्हणजे फनेल झालं. बाजूला पट्टी चिकटवा. बुडाशी खळगे असतील तर पट्टीच्या शून्यापर्यंत आधी पाणी भरून घ्या. झाडापासून, भिंतीपासून लांब ठेवा. सकाळी साडेआठला वाचा, म्हणजे तुमचा आकडा हवामान खात्याच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. आणि गावाला गेलात तर त्या दिवसांपुढे शून्य नका लिहू.