परवान्याची पुस्तिका आणि चार ग्लास

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरायला घेतलं, तेव्हा विम्याच्या पावत्यांखाली एक छोटी पुस्तिका सापडली. कडा झिजलेल्या, आत शिक्के आणि तारखा. दारूचा परवाना! आमच्या दांडिया बाजारातल्या घरी ही पुस्तिका आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिचं नाव कधी कुणी काढलं नाही.

बडोद्याच्या मंडळींना सांगायला नको, पण इंदूर-ग्वाल्हेर, बेळगावच्या वाचकांसाठी थोडा इतिहास सांगतो. १ मे १९४९ ला आपलं बडोदं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं, तेव्हा तो कायदाही इकडे राहिला. महाराष्ट्रात पुढे तो सैल झाला, इथे नाही. मात्र त्यात पहिल्यापासून एक खिडकी होती, ती म्हणजे प्रकृतीच्या कारणासाठी मिळणारा परवाना. डॉक्टरांनी लिहून द्यायचं, सरकारने शिक्का मारायचा, मग महिन्याचा ठरलेला कोटा. म्हणजे आमचे बाबा, रोज सकाळी सूरसागरला दोन फेऱ्या मारणारे ठणठणीत गृहस्थ, सरकारदरबारी आजारी होते!

त्यांचं पिणं मला आठवतं ते आवाजावरून. रात्री जेवणाआधी आतल्या खोलीचं दार लागायचं. कपाटाची किल्ली, पेल्याचा आवाज, माठातून पाणी ओतल्याचा आवाज. पाच मिनिटांत दार उघडायचं आणि बाबा लवंग चघळत पाटावर येऊन बसायचे. आई वाढायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही. रिकामी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून जायची, कुठे ते आम्ही विचारलं नाही. परवाना असून ही तऱ्हा! कायद्याने सूट दिली होती, पण वाड्याने नव्हती.

पुढे मी तेलाच्या कामात पडलो आणि काही वर्षं स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला राहिलो. तिथून सव्वा-दीड तासावर स्पे नदीचं खोरं लागतं, जिथे स्कॉटलंडमधल्या सर्वांत जास्त डिस्टिलरी आहेत. तिथल्या सहकाऱ्यांनी मला सिंगल माल्टची चव घ्यायला शिकवलं. 'सिंगल' म्हणजे एकाच पिपातली असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीत तयार झालेली, माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेल्या बार्लीची. तांब्याच्या भांड्यांत गाळलेली आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिपात किमान तीन वर्षं मुरलेली. आपण नेहमी बघतो ती बहुतेक स्कॉच अशा माल्टमध्ये दुसऱ्या धान्यांची व्हिस्की मिसळून केलेली असते.

त्या छंदापायी तिथला इतिहास वाचत गेलो, आणि एक गोष्ट वाचून थबकलो. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडच्या दक्षिण भागात कर बसवला तो दारूवर नव्हे, तर भांड्याच्या आकारावर. वर्षाचे पैसे एकदा भरले की त्या भांड्यात कितीही गाळा. झालं! लोकांनी उथळ, पसरट भांडी बनवली, खाली जाळ पेटवला आणि जे काम शांतपणे तासनतास चालायचं ते मिनिटांवर आणलं. दारू भरपूर निघाली, पण ती उग्र आणि बेचव होती. तिकडे उत्तरेकडच्या डोंगरात चोरून गाळणारे मात्र छोट्या भांड्यात सावकाश गाळत होते. त्यांचीच चांगली लागायची. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा त्याने मागितली तीही ग्लेनलिव्हेटची, चोरीची!

मग १८२३ मध्ये नवा कायदा आला. वर्षाला दहा पौंड भरून परवाना घ्या, जेवढी दारू निघेल तेवढ्यावर गॅलनमागे कर द्या. आकाराची भानगड संपली, घाईची गरजही संपली. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. शेजारचे चोरटे भट्टीवाले इतके चिडले की त्याला कमरेला दोन पिस्तुलं लावून हिंडावं लागलं. पण हळूहळू चोरट्या भट्ट्या मागे पडल्या. तीन वर्षं मुरवण्याची सक्ती यायला मात्र पहिलं महायुद्ध उजाडावं लागलं.

हे वाचताना मला आमच्या आतल्या खोलीचं बंद दार दिसत होतं. चवीचा घात दारूबंदीने होतो की करामुळे, हा वाद बाजूला ठेवू. घात करते ती घाई. भांड्याला घाई झाली की दारू बिघडते आणि माणसाला घाई झाली की पिणं बिघडतं. तीस वर्षं बाबा व्हिस्की प्यायले, पण तिचा वास कसा असतो हे त्यांना सांगता आलं असतं का? मला शंका आहे.

२००६ च्या उन्हाळ्यात आई-बाबा ॲबर्डीनला आले. मी भीत भीतच विचारलं, "डिस्टिलरी बघायला जायचं का?" बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "कारखानाच आहे ना? बघू की."

आम्ही डफटाउनला बाल्व्हेनी बघायला गेलो. बहुतेक डिस्टिलरी आता मोड आलेली बार्ली बाहेरून आणतात. बाल्व्हेनीत मात्र अजूनही थोडी बार्ली जुन्या पद्धतीने जमिनीवर पसरतात. भिजवलेलं धान्य, खाली फरशी, लाकडी फावड्याने सतत वरखाली करायचं, म्हणजे मोड एकमेकांत गुंतत नाहीत आणि धान्य तापत नाही. आई वाकली, मूठभर दाणे उचलले, एक फोडून पाहिला.

"अरे, हे तर नाचणीसारखंच!" ती म्हणाली. "भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. तुला सहा महिन्यांचा असताना तेच भरवलं मी."

अगदी खरं होतं ते. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर होण्याची सोय होते. आपण तिथे थांबून त्याची बाळाची पेज करतो, ते पुढे जाऊन यीस्ट घालतात. त्या दिवसापर्यंत दारू म्हणजे आईच्या लेखी काहीतरी परकं, पापाचं होतं. मुठीत ते दाणे आल्यावर तिला पहिल्यांदा ते धान्य दिसलं.

संध्याकाळी घरी मी चार ग्लास मांडले. चव ताडून बघायची तर काही साधे नियम आहेत. ग्लास तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता. प्रत्येकात वीस मिली, जास्त नाही. बर्फ नाही. हलकी आधी, धुराची शेवटी, नाहीतर धूर बाकीच्यांना गिळून टाकतो. आधी नुसता वास घ्यायचा, तोंड किंचित उघडं ठेवून, म्हणजे नाकाला झोंबत नाही. मग एक घोट, आणि मग थेंब-थेंब पाणी. पाण्याने वासाचे काही घटक वर येतात आणि ग्लास नव्याने बोलायला लागतो. चारही ग्लास शेजारी हवेत, कारण एकटी व्हिस्की नुसती 'छान' लागते. फरक कळतो तो दुसरी शेजारी असली तरच.

बाबांनी सवयीने पहिला ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. मग स्वतःच ओशाळून हसले. आमच्या बडोद्याच्या मराठीत गुजरातीतून आलेला एक शब्द आहे, 'शांतीनं'. म्हणजे निवांत, घाई न करता. मी म्हटलं, "बाबा, शांतीनं. इथे दार उघडंच आहे."

पहिला ग्लास मी पुन्हा भरला. ती बाल्व्हेनीची बारा वर्षांची होती. आधी बर्बनच्या आणि मग शेरीच्या पिपात ठेवलेली. बाबा बराच वेळ हुंगत राहिले. "मध," म्हणाले. दुसरी ग्लेनफार्क्लास, शेरीच्या पिपातली. "बेदाणे तुपात तळताना येतो तो वास." तिसरी टॅलिस्कर, स्काय बेटावरची. त्यांनी घोट घेतला आणि थोड्या वेळाने मान हलवली, "मिरी. मागून येते. आणि किंचित खारट."

चौथी होती आयला बेटावरची लाफ्रोएग. त्या बेटावर दलदलीत शतकानुशतकं साचलेलं गवत-शेवाळ विटांसारखं कापून वाळवतात, त्याला पीट म्हणतात. त्याच्या धुरावर बार्ली वाळवली की तो वास थेट ग्लासापर्यंत येतो. बाबांनी नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"हे औषध आहे!"

आईने पहिल्यांदा हात पुढे केला. ग्लास दुरूनच हुंगला आणि म्हणाली, "टिंक्चर आयोडीन. तुझा गुडघा फुटला की लावायचे ते."

मग मी त्यांना सांगितलं. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हाही डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळायची. लाफ्रोएगवाले अभिमानाने सांगतात की त्यांची बाटली तेव्हा औषध म्हणूनच अमेरिकेत जात होती. ज्याने वास घेतलाय त्याला ते सहज पटतं. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे मी एकटाच पेशंट नव्हतो!"

आई हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "एकोणनव्वद साल आठवतं ना?"

आम्ही गप्प झालो. १९८९ मध्ये बडोद्यात लठ्ठ्याने, म्हणजे विषारी दारूने, शंभरावर माणसं गेली. आमच्याकडे धुण्याभांड्याला यायच्या त्या बाईंचा नवरा त्यात होता. त्या महिनाभराने कामावर परत आल्या, तेव्हा बाबांच्या खोलीचं दार बरेच दिवस लागलं नव्हतं. "तुमच्याकडे शिक्का होता," आई म्हणाली. "त्याच्याकडे नव्हता. मी तुमच्याकडे बघायचे नाही, ते ह्याच्यासाठी."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. बाबांनी ग्लास खाली ठेवला आणि नुसतं "हो" म्हणाले.

दारूबंदी असावी की नसावी, ह्यावर समूहात भांडण लावायचं नाही मला. दारूने उठलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि बंदी असतानाही लठ्ठ्याने गेलेली माणसंही. माझा छंद चार ग्लास, वीस-वीस मिली आणि अख्खी संध्याकाळ एवढाच आहे. त्या संध्याकाळीही चौथा ग्लास अर्धा राहिला. नंतर बडोद्यात बाबांनी परवान्याचं नूतनीकरण केलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आता कोण पाच मिनिटांत उरकणार?"

पुस्तिका मी जपून ठेवली आहे. बाल्व्हेनीचा तो गोल डबा मात्र आईने रिकामा करून सामानात घालून आणला होता. तो दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा उभा आहे. त्यात ती उदबत्त्या ठेवते.

तुमच्याही घरात अशी एखादी पुस्तिका, किंवा असं एखादं बंद दार असेल तर जरूर लिहा. शांतीनं लिहा.